आकड्यांची सोयरीक

लॉटरीच्या आकड्यांची सोयरीक जुळवणारी बाई आमच्या थोरल्या वहिनींशिवाय अख्ख्या मराठवाड्यात झाली नसेल. नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली, त्यामुळे उस्मानपुऱ्याच्या टपरीवर दोरीला टांगलेली तिकिटंही त्यांना उपवर पोरांसारखीच दिसायची. गेल्या सोडतीत आलेल्या आकड्याचं तिकीट पुढं केलं, की त्या ते दोन बोटांनी मागं सारायच्या. "त्याचं झालं की लग्न! पुन्हा कशाला मांडवात उभं करता?" ओळीनं चार चौके असलेलं तिकीट तर त्यांना बघवत नसे. "सगळे चौकेच? भावकीत सोयरीक करतं का कुणी?" ज्या आकड्याला बरेच दिवस बक्षीस नाही, तो मात्र त्यांच्या लेखी घोड्यावर बसायलाच निघालेला असे. टपरीवाले चाचा कपाळावर हात मारायचे, "भाभी, ये टिकट है, दूल्हा नहीं!" आणि तरीही वहिनींचा आकडा शोधायला अख्खी दोरी खाली उतरवायचे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. तिकिटाला आठवण नसते, मागं काय लागलं हे आकड्याला ठाऊकच नसतं, प्रत्येक सोडत कोरी, आणि चार चौक्यांनाही इतर कुठल्याही आकड्याइतकीच संधी, हे मी वहिनींना कितीदा सांगितलं असेल! त्या भाकरी थापता थापता मन लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "व्हय भावजी, लई शिकलात तुम्ही. पण तुमचं कुठं जमतंय?"

ते खरंच जमत नव्हतं. मुलगी पाहायला गेलो की माझी वाचा बसायची. चिकलठाण्याला मुलीच्या वडिलांनी पगार विचारला, तेव्हा मी "सरासरी?" एवढंच म्हणालो. एकामागून एक नकार येत गेले. शेवटी कन्नडच्या स्थळाला निघायच्या सकाळी मी पुस्तक उघडून बसलो आणि सांगून टाकलं, "मी येत नाही. इतकी घरं नाही म्हणाली, हेही नाहीच म्हणणार."

वहिनींनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"मागं काय झालं ते ह्या पोरीला ठाऊक हाय का?"

"नाही, पण..."

"मग हे घर कोरंच की! तुम्हीच सांगता ना? उठा, सदरा बदला."

वहिनी पास झाल्या होत्या. नापास मी झालो होतो.

वाटेत त्यांनी आज आठाची पाळीच आहे म्हणून शेवटी आठ असलेलं एक तिकीट घेतलं. कन्नडला मुलीनं विचारलं, "तुम्ही बोलत नाही का?" मी म्हणालो, "वर्गात बोलतो." ती खळखळून हसली. होकार आला. आठ मात्र आला नाही. "एकाच घराला दोन्ही कसं लागंल, भावजी?" वहिनी म्हणाल्या.

वहिनी या पौषात गेल्या. परवा बायकोबरोबर येताना त्या टपरीपाशी पाय थांबले. चाचांच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो. मी जन्मात पहिल्यांदा लॉटरीचं तिकीट मागितलं. त्यानं दिलेल्या तिकिटाच्या शेवटी सात होता, आणि त्याच्यामागं चिकटवलेल्या गेल्या सोडतीच्या निकालातही सातच. एवढ्यानं काही बिघडत नाही, हे मी जन्मभर शिकवत आलो. तिकीट मी हळूच परत केलं.

"दुसरं द्या. ह्याचं झालंय."

"काय झालंय, सर?"

"लग्न," माझ्यामागून बायको म्हणाली.

तो उठला आणि त्यानं अख्खी दोरी खाली उतरवली.