सही ओळखणारा किशन वकील

कॅम्प दोनच्या सिंधी बाजारात भर दुपारी एखादं शटर अर्ध्यावर दिसलं तर त्याची कारणं दोनच. एक तर आत धाड पडलीय, नाहीतर घरात मयत झालंय. मी आयुष्यभर शटरं बसवली, त्यामुळे हे मला लांबून कळतं. दीड महिन्यापूर्वी किशन वकिलाच्या ऑफिसचं शटर कमरेपर्यंत खाली दिसलं, तेव्हा मनात म्हटलं, आज इन्कम टॅक्सवाल्यांनी इन्कम टॅक्सवाल्यालाच धरलं की काय! हसतच वाकून आत डोकावलो. आत सतरंजी घातलेली, कोपऱ्यात दिवा, आणि त्याची मुलगी कविता भिंतीला टेकून बसलेली. ती बापाच्याच हाताखाली काम शिकलेली. मला बघून म्हणाली, "काका, पप्पा गेले. परवा सकाळी. चहा मागितला, मी आणायला गेले, तेवढ्यात..."

मी शटरखालून आत गेलोच नाही. तसाच वाकलेला राहिलो. हातात पिशवी होती आणि पिशवीत माझ्या बायकोचा, सुमनचा, मृत्यूचा दाखला होता. चार वर्षं तो मी ना बँकेला दाखवला होता, ना किशनला. कागदोपत्री सुमन जिवंत होती, आणि तशी ती मीच ठेवली होती. त्या दिवशी कागदांवरून तिचं नाव कमी करायचं असं ठरवून मी बदलापूर गावातून निघालो होतो. ज्याच्यासमोर तोंड उघडायचं, तोच उठून गेला.

लोक त्याला वकील म्हणायचे, पण तो वकील नव्हता, कर सल्लागार होता. पेपरच्या पुरवणीत छापायचं म्हणजे 'ते' लिहायला हवं हे मला कळतं. पण त्याने मला पहिल्या दिवशी 'तू' म्हटलं, मीही त्याला 'तू' म्हटलं, आणि आमची दोस्ती त्यावरच उभी राहिली. त्याच्या ऑफिसचं शटर मीच बसवलं होतं. पैसे देताना म्हणाला, "बिल दे." मी म्हटलं, "बिल कशाला? माझा शब्द आहे." तर म्हणतो, "साईं, तुझा शब्द मी खिशात ठेवीन, पण फाइलीत कसा लावू?" माझं शिक्षण चौथी. मला वाटलं हा सिंधी माझी अक्कल काढतोय. म्हटलं, "राहू दे तुझे पैसे, शटर काढून नेतो." आणि खरंच दोन पट्ट्या उतरवल्या. तो स्टुलावर बसून शांतपणे बघत होता. "काढ, काढ. मी चोरीची तक्रार देतो. म्हणजे निदान पोलिसांच्या कागदावर तरी तुझं नाव लागेल, बाकी कुठे तर नाहीच." मला हसू फुटलं. पट्ट्या परत चढवल्या. त्याच आठवड्यात त्याने माझं पॅन कार्ड काढायला टाकलं.

सुमन अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे आले, ते तिने एकटीच्या नावावर मुदत ठेवीत टाकले. मी एका शब्दाने बोललो नाही. तिच्या घामाचे, तिच्या नावावर. बँकेत दर एप्रिलला एक फॉर्म द्यायचा असतो, माझं उत्पन्न थोडं आहे, व्याजातून टॅक्स कापू नका, असा. तो फॉर्म आणि तिचं छोटंसं रिटर्न किशन करायचा. त्यासाठी ती स्वतः कॅम्प दोनला यायची, खुर्चीत ताठ बसायची आणि एकेक अक्षर कोरत सही करायची. तेवढा वेळ किशन फोनसुद्धा उचलायचा नाही. म्हणायचा, "वहिनीची सही म्हणजे रांगोळी आहे. घाई नको."

त्याची मतं त्याच्यासारखीच होती, दोन्ही बाजूंनी टोचणारी. टॅक्सच्या नव्या पद्धतीत सवलती गेल्या तेव्हा लोक रडत आले. हा म्हणाला, "अच्छा हुआ. मार्चमध्ये खोट्या देणगीच्या पावत्या मागायला येत होते, त्यांची तोंडं बंद झाली." मग थोडं थांबून म्हणायचा, "पण गरीब माणूस टॅक्सच्या भीतीने का होईना, चार पैसे मागे टाकत होता. ती भीती गेली, सवयपण गेली." चेहरा न दाखवता तपासणी करायची पद्धत आली, तेव्हा तर तो कित्येक दिवस अस्वस्थ होता. पूर्वी साहेबासमोर जाऊन बसता यायचं. आता नोटीस कुठून येते, कोण वाचतो, काही कळत नाही. तो म्हणायचा, "मिस्त्री, पहिला साहेब खात होता, पण ऐकतपण होता. आताचा खात नाही, हे चांगलंच झालं. पण ऐकतो का, ते कोणाला विचारू? त्याला तोंडच नाही." एकदा एक विधवा बाई नवऱ्याच्या नावाची नोटीस घेऊन आली होती. माणूस वारल्यावर त्याचा हिशेब वारसाने त्याच्या वतीने पुरा करायचा असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला सगळं समजावलं, आणि ती गेल्यावर मला म्हणाला, "यमराज एकदाच बोलावतो. इन्कम टॅक्स नंतरपण बोलावतो. घरातलं माणूस गेलं की पहिलं बँकेत जायचं, दुसरं माझ्याकडे यायचं, रडायचं तिसरं." मी मान डोलावली. तेव्हा सुमनला जाऊन आठ महिने झाले होते.

का नाही सांगितलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. ती गेली त्यानंतरच्या एप्रिलमध्ये बँकेचा फॉर्म घेऊन बसलो आणि जिथे सही करायची फुली होती, तिथे माझ्या हाताने तिची सही केली. पाठ होती मला ती सही, पन्नास वर्षं बघत होतो. फॉर्म खिडकीवर दिला, शिक्का बसला. कोणी काही विचारलं नाही. मग शिक्क्याची प्रत घेऊन किशनकडे गेलो. त्याने विचारलं, "वहिनी?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात, चढउतार नको म्हणते." तो म्हणाला, "बरोबर आहे, तू कागद आणत जा." झालं... एवढंच. त्या दिवसापासून असं झालं की बदलापुरात सुमन वारलेली आणि कॅम्प दोनमध्ये जिवंत. बसमध्ये बसलो की अंबरनाथच्या आसपास कुठेतरी ती उठून बसायची. किशन विचारायचा, आज डब्यात काय, तर मी सांगायचो, वालाचं बिरडं केलंय तिने. आणि सांगताना जिभेला चव यायची, खोटं नाही सांगत. परत येताना मात्र अंबरनाथ मागे पडलं की बाजूची जागा रिकामी व्हायची. घरी येऊन कुलूप काढताना मी आधी कडी वाजवायचो. का वाजवायचो, विचारू नका.

यंदाच्या एप्रिलमध्ये किशनने माझ्यासमोर पाच कागद मांडले, बँकेच्या फॉर्मच्या पाच वर्षांच्या प्रती. सगळ्यांवर सुमनची सही. एक तिच्या हातची, चार माझ्या.  चष्मा काढून तो म्हणाला, "मिस्त्री, म्हाताऱ्या माणसाची सही दरवर्षी बिघडते. हात थरथरतो, रेघ खाली जाते. माझी बघ, तुझी बघ. वहिनीची सुधारतेय. यंदा तर शाळेतल्या बाईने लिहिल्यासारखी आहे."  ते खरं होतं. माझी स्वतःची सही वाकडी होत चालली होती आणि तिची सरळ. तो पुढे म्हणाला, "कधी?" मी पिशवी जवळ ओढली. "बोल ना, कधी गेली?"

मी म्हटलं, "माझी बायको आहे. काय करायचं ते मी ठरवीन."

"ठरव ना. पण ऐक. हे व्याज तिचं राहिलं नाही, तुझं आहे. ते तुझ्या रिटर्नमध्ये यायला पाहिजे होतं. दंड लागेल, भरू. पैसा भरून सुटतो माणूस. पण या कागदावर लिहिलंय, मी खरं सांगते. मी म्हणजे कोण? तू नाही, ती. उद्या बिनचेहऱ्याचा साहेब हे उघडेल, तर खोटी कोण ठरेल? जिने जन्मात कधी पाच पैशाचं खोटं लिहिलं नाही, ती. आणि चार रिटर्नं मी भरली. मलापण खोटा केलास."

मी उठलो. "तुझा धंदा तू कर, माझ्या घरात घुसू नको," असं काहीतरी बोललो. त्याने अडवलं नाही. मागून एवढंच म्हणाला, "राग उतरला की दाखला घेऊन ये. दोघं मिळून करू. तू एकटा करू नको, तुला जमणार नाही." राग उतरायला मला दोन महिने लागले. माझा स्वभावच तसा... कोणी बरोबर असला की मला त्याचा जास्त राग येतो.

त्याचे बारा दिवस झाल्यावर मी कविताकडे गेलो आणि दाखला टेबलावर ठेवला. "पप्पांना माहीत होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "त्याने ओळखलं होतं. मी सांगितलं नव्हतं." तिने जास्त खोदलं नाही. दंड किती, भरायचं कसं, बँकेत काय सांगायचं, सगळं नीट कागदावर लिहून दिलं. पण पहिली पायरी अशी की सुमनचा वारस म्हणून माझी नोंद करायची, आणि ती इन्कम टॅक्सच्या साइटवर माझ्या खात्यातून. पासवर्ड मला कधी माहीतच नव्हता. नवीन मागितला, तर कॉम्प्युटर म्हणाला, तुमच्या मोबाइलवर आकडा पाठवलाय.

माझा फोन खिशात मुका. आतल्या केबिनमध्ये मात्र काहीतरी घरघरलं.

कविता म्हणाली, "काका, तुमच्या खात्याला पप्पांचा नंबर आहे. सगळ्यांच्याच आहे." ही त्याची चूक. दुसऱ्यांना सांगायचा की घराची चावी वाण्याकडे ठेवू नये, नंबर स्वतःचाच द्यावा. आणि आमच्यासारखे अडाणी समोर आले की कंटाळून म्हणायचा, चल, माझाच टाकतो, तुला कुठे आकडे वाचता येतात. आता अर्धा कॅम्प त्या एका फोनला बांधलेला. तो बंद करता येत नाही. कविताने तो त्याच्याच टेबलावर चार्जिंगला लावून ठेवलाय.

"तुम्ही आत जाऊन वाचा," ती म्हणाली, "मी इथून टाकते."

इतक्या वर्षांत मी त्या केबिनमध्ये शंभरदा बसलो असेन, पण त्या दिवशी उंबऱ्यावर थांबूनच आत गेलो. पंखा बंद, खुर्ची मागे सरकवलेली, माणूस नुकताच उठून गेल्यासारखी. टेबलाला काच आहे आणि टेबल थोडं कललंय. फोन घरघरला की काचेवरून सरकतो. सरकतो तो त्याच्या खुर्चीकडे. कुठल्या कुठल्या लोकांचे आकडे येत होते. फोन थरथरायचा, बोटभर पुढे जायचा, थांबायचा. कविता म्हणते, ती सकाळी तो मधोमध ठेवते आणि संध्याकाळी तो त्याच्या बाजूला, कडेला आलेला असतो. मी माझा आकडा मोठ्याने वाचला. एकेक अंक. आवाज माझाच होता, पण त्या खोलीत मला तो ओळखू येईना.

बाहेर येऊन कविताच्या शेजारी बसलो. मृत व्यक्तीचं नाव. मी सांगितलं. नातं. सांगितलं. मृत्यूची तारीख. ती विचारून थांबली. किशनने 'कधी' विचारलं होतं तेव्हा जी तारीख मी दिली नव्हती, ती सांगितली. दिवस, महिना, साल. कविताने टाकली, दाखला चढवला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दाब."

क्षणभर काही झालं नाही. मग आत फोन घरघरला, लांब, दोनदा. आम्ही दोघं उठून त्या टेबलापर्यंत गेलो. कविताने काचेवर वाकून वाचलं, "तुमची विनंती मिळाली असं आलंय. काकूंचं." फोन सरकत खुर्चीच्या बाजूच्या कडेला जाऊन टेकला होता. फोनचा दिवा अजून लागलेला, काचेवर त्याचा उजेड. पडेल म्हणून तिने मधोमध ठेवायला हात पुढे केला.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "राहू दे तिथेच. वाचू दे त्याला."