भोंगा आत्याचा संघ

आमच्या बंदरावर दोन भोंगे होते. एक गोदीचा, पाळी बदलताना वाजणारा, दुसरी हिराआत्या. गोदीचा भोंगा निदान ठरल्या वेळी तरी वाजायचा, आत्याला तेही बंधन नव्हतं. धक्क्यावर उभी राहून तिनं हाक मारली की होडीत जेवायला बसलेला तिचा नवरा भाकरी टाकून उठायचा, आणि आजूबाजूच्या होड्यांतले चार-दोन जणही उगाचच उठून उभे राहायचे. सगळं बंदर तिला भोंगा आत्या म्हणायचं. तिला राग नव्हता. "भोंगा वाजतो म्हनून लोक कामाला लागतात," असं ती वर ऐकवायची.

उरणजवळच्या त्या वस्तीत मी वाढले. बाबा गोदीत मालाची चढउतार करायचे, आई कोळंबी सोलायला जायची. आमच्या ओळीत शेवटच्या खोलीत आत्या राहायची आणि बाजारात सुकी मासळी विकायची. तिला गुपित सांगायची मात्र सोय नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, ते आईनं तिच्या अगदी कानात सांगितलं. आत्या तिच्या परीनं कुजबुजली, "कुनाला सांगू नको हां, वयनी!" तासाभरात समोरच्या ओळीतल्या बायका पेढे मागायला हजर.

त्या वर्षी जत्रेच्या कबड्डीत पहिल्यांदाच मुलींचे सामने ठेवले होते. मंडळाच्या बैठकीत आत्यानं विचारलं, "आपल्या पोरींचा संघ कुठं हाय?" अध्यक्ष हसले. "आपल्या पोरी मासळी निवडणार की कबड्डी खेळणार?" आत्या उठली, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोन्ही. घाल नाव."

नाव घातलं, पण संघ कुठं होता? मुलगे खेळायचे आणि आम्ही कुंपणावर बसून बघायचो, एवढाच आमचा सराव. आत्या घरोघरी फिरून पोरी गोळा करू लागली. आमच्याकडे बाबा अडून बसले. "हातपाय मोडून घेतील. उद्या सोयरीक कोण करंल?"

"होडी वर ओढायला पोरी लागतात, तवा हातपाय मोडत न्हाय का, दादा?"

"हरल्या तर हा खेळ कायमचा बंद," एवढं बोलून बाबा विडी ओढायला बाहेर गेले. आम्ही त्यालाच परवानगी धरलं.

आत्याला कबड्डीचे नियम नीट ठाऊक नव्हते. बोनस गुण म्हणजे काय, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "बोनस दिवालीला भेटतो. तो बी साहेब देईल तवा. इथं नुसती रेघ ओलांडून कसा भेटंल?" पण दम कसा टिकवायचा ते तिला येत होतं. ती आम्हाला बाजारात आपल्या पाटीमागे उभं करायची आणि एका श्वासात ओरडायला लावायची: बोंबील, मांदेली, जवळा, करदी, वाकटी, पुन्हा बोंबील. मध्ये श्वास घेतला की परत पहिल्यापासून. रेखा नावाची आमची चढाई करणारी पोरगी इतकी तयार झाली, की गिऱ्हाईकं भाव विचारायची विसरून तिच्याकडेच बघत राहायची. पायांत जोर यावा म्हणून आम्ही ओहोटीच्या चिखलात पळायचो. घरी जाईपर्यंत कोण कोणाची मुलगी, ते आयांनाही ओळखू येत नसे.

जत्रेतले आधीचे सामने आम्ही कसेबसे जिंकलो आणि अंतिम सामना पडला अलिबागकडच्या नावाजलेल्या संघाशी. त्यांच्या पायांत बूट, अंगावर एकसारखे कपडे. आम्ही अनवाणी, आणि बनियनं आपापल्या भावांची. आत्या रेषेबाहेरून ओरडू लागली तसा पंचांनी खेळ थांबवला. "बाई, आणखी एक शब्द आला तर तुमच्या संघाचा गुण कापीन." आत्यानं पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि खाली बसली. तिला इतकं गप्प आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

शेवटची चढाई त्यांची. आम्ही एका गुणानं पुढे होतो, पण त्यांची उंच कप्तान येताच आमच्या दोघींना शिवून वळली. ती मध्यरेषेला पोचली असती तर सगळं संपलं असतं. मी डाव्या कोपऱ्यातून झेपावले आणि तिचा घोटा धरला. तिनं मला फरफटत नेलं, गुडघे सोलले, तोंडात माती गेली. मग मागून रेखा आली आणि तिनं कंबर धरली, आणि सगळ्याच पोरी येऊन पडल्या. त्या ढिगाखाली मला एवढंच कळत होतं, की हातातला घोटा सोडायचा नाही.

शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो!

बर्फाच्या हातगाडीवर आमची मिरवणूक निघाली. गाडी ओढायला पुढे कोण होतं, तर आमचे बाबा. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "घोटा धरला ना, ती माझी!" अध्यक्षांनी हार आणला, तो आत्यानं त्यांच्याच हातांनी आम्हा प्रत्येकीच्या गळ्यात फिरवून घेतला. त्यानंतर आमच्या वस्तीत मुलींचा संघ कधी मोडला नाही. रेखा आज तिथल्याच पोरींना शिकवते.

मला खेळाडू म्हणून पोलिसात नोकरी लागली. आत्या गेल्या वर्षी गेली. शेवटच्या दिवसांत ती रेवदंड्याला लेकीकडे होती, आणि तिथल्या शाळेतही तिनं पोरींचा संघ उभा करायला लावला होता. तिची आठवण आली की मी रुजू व्हायला निघाले ती सकाळ मला दिसते. कडक इस्त्रीचा गणवेश घालून मी पाया पडायला गेले. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं, टोपी सरळ केली आणि हात धरून थेट मासळी बाजारात नेलं. बाजाराच्या मधोमध मला उभं करून ती म्हणाली, "बघा गो, आपली पोरगी फौजदारीन झाली!"

"आत्या, शिपाई झालेय मी."

"गप गो. होशील." आणि मग बायकांकडे वळून, "बघत काय बसल्या? वाजवा टाळ्या!"

कोळणींनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. माझा नवा गणवेश माशांच्या पाण्याच्या शिंतोड्यांनी भरून गेला. आई म्हणाली, बदलून जा. मी बदलला नाही. तसाच घालून, छाती पुढे काढून, मी पहिल्या दिवशी ठाण्यात हजर झाले.