नवऱ्याच्या तोंडी बायकोचा उखाणा

मोबाइलवर लग्नाचं शूटिंग काढावं तर लालबागमध्ये मीच. आत्तापर्यंत एकच काढलंय, आणि तेही लताताईंनी वाचवलं.

लता कांबळे, नायगावच्या. आता मुलीकडे बदलापूरला असतात, तेव्हा दादरला एका खोलीत एडिटिंग करायच्या. कुठलाही व्हिडिओ आला की थेट शेवट लावायच्या आणि माणसांच्या ओठांकडे टक लावून बसायच्या. "सुरुवात सगळ्यांची बरी असते रे. लग्न शेवटाकडनं बघायचं."

माझं लग्न, म्हणजे मी काढलेलं, आमच्या चाळीतल्या परबांच्या पिंकीचं. पाठवणीनंतर मुलीची आई काय सासरी जात नाही, त्यामुळे उंबरठ्यावरचा उखाणा परबकाकींनी ऐकलाच नव्हता. संध्याकाळी चाळीत पडदा लावून दाखवायचा होता. मी घरी कॉम्प्युटरवर व्हिडिओ पडद्यासाठी कन्व्हर्ट केला. सुरुवात झकास. शेवटी पिंकी ओठ हलवून गप्प होते, कॅमेरा नवऱ्यावर जातो, आणि तो पेढा चावत पिंकीच्या आवाजात म्हणतो, "मंदाररावांचं नाव घेते..."

तस्सा दादरला पळालो. ताईंनी शेवट बघितला.

"मशीनला सेकंदाला तीस चित्रं सांगितलीस?"

"हो. राउंड फिगर."

"अरे शहाण्या, मोबाइल एकसारखी चित्रं काढत नाही. उजेडात तीस, अंधारात वीसच. म्हणून प्रत्येक चित्रावर त्याची त्याची वेळ लिहिलेली असते. तू ती पुसलीस आणि सगळी दाटीवाटीने बसवलीस. चित्रं पुढे पळाली, आवाज मागे राहिला."

"मग आवाज जरा पुढे ओढा ना."

"म्हणजे सुरुवात पण बिघडेल. मूळ फाइल दे."

ती मी जागा करायला डिलीट केली होती. ताईंनी माझा मोबाइल हिसकावला, डिलीट केलेल्याचा डबा उघडला. फाइल आतच!

"डबा रिकामा करायचा पण कंटाळा. आळसाने तारलं तुला."

मग त्यांनी एकेका चित्राची वेळ मशीनला वाचायला लावली. मध्ये जागा रिकामी पडली की आधीचंच चित्र पुन्हा. "चित्र दोनदा दाखव, चालेल. वेळेला हात लावायचा नाही."

संध्याकाळी ताई पण शेवट बघायला आल्या. पिंकीने पडद्यावर पिंकीच्याच तोंडाने उखाणा घेतला. काकींनी पदर डोळ्याला लावला. सगळी चाळ टाळ्या वाजवत होती. परबकाका उठले, "ह्यां कोणी केल्यान रे?"

मी छाती काढून उभा राहिलो.

मागच्या खुर्चीवरनं लताताई म्हणाल्या, "बस रे खाली. तू फक्त बिघडवलंस."