मेहुण्याच्या नावावरचं प्रेस शॉप

बायकोशीसुद्धा हे मी कधी बोललेलो नाही. तिच्या भावाचं नाव यात आहे, म्हणून नव्हे — कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, त्याची भीती वाटते.

चाकणला माझं प्रेस शॉप होतं. मोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढायचो. आमदार झालो तेव्हा कंपनी मेहुण्याच्या, संजयच्या नावावर केली. कागदावर. कुठली ऑर्डर घ्यायची ते नंतरही मीच ठरवत होतो. आमदारानं धंदा करू नये असं कुठे लिहिलंय? — हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. मग लपवत का होतो?

प्रेसला सेन्सर असतो. हात आत राहिला तर मशीन जागच्या जागी थांबतं. पण त्यानं माल कमी निघतो. तो बंद ठेवायला सांगितलं होतं — संजयनं नाही, मी.

शोभा परभणीकडची, प्रेसवर काम करायची. नवरा आमच्याकडेच पॅकिंगला. एका सकाळी तिचा उजवा पंजा प्रेसखाली गेला. मी तेव्हा अधिवेशनात होतो, कामगारांच्या प्रश्नावर बोलत.

चाकणच्या पट्ट्यात असे अपघात वाढले, ओरड झाली, आमदारांची समिती नेमली गेली. तिच्यात मीही. एका पत्रकार मुलीनं तोंडावर विचारलं — शोभाचा हात गेला त्या कंपनीशी तुमचा संबंध आहे ना? "त्यातला एक बोल्टही माझा नाही," मी हसत म्हणालो. बाकीचेही हसले. ती हसली नाही.

मग दौरा निघाला आणि पाहणीत नेमकी तीच कंपनी आली. आजारी पडता आलं असतं. गेलो. मीच बांधलेल्या शेडमध्ये पाहुण्यांचं हेल्मेट घालून फिरलो, बाथरूम कुठे आहे असंही विचारलं! सेन्सर आदल्या दिवशीच सुरू करून घेतले होते.

शोभाला पुढे उभं केलं होतं. हात पदराखाली. मशीनमध्ये काही दोष होता का, अध्यक्षांनी विचारलं. तिनं पदर आणखी ओढून घेतला. ती काही बोलायच्या आत मीच पुढे झालो.

"ताई, घाबरू नका. सेन्सर चालू होता ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. दर दिवाळीला मिठाईचा पुडा मीच तिच्या हातात द्यायचो, ओळखणार नाही कशी? मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

"व्हय साहेब. चालू हुता. माझंच ध्यान न्हवतं."

अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असं आलं. मी सही केली.

निघताना ती गाडीजवळ आली. हळूच म्हणाली, "शेठ, पोरीला तरी कामावर घ्या."

घेतलं. पोरगी आता प्रेसवर असते, आईच्याच मशीनवर. मागे मोठी ऑर्डर आली तेव्हा संजय विचारायला माझ्या रावेतच्या घरी आला — सेन्सर बंद ठेवू ना? चहा पीत होतो. मी नुसती मान हलवली. त्याला तेवढं पुरलं.

हल्ली फोनवर संजयचं नाव दिसलं की आधी त्या पोरीचा हात डोळ्यांपुढे येतो. अजून तरी तो ऑर्डरचंच बोलतो. मी ऐकून घेतो, फोन ठेवतो. सेन्सर चालू कर, असं अजूनही म्हणत नाही.