सूपभर कोंडा

बडोद्याच्या जुन्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये, साड्यांना फॉल लावून देणाऱ्या मथुराबाई मोहित्यांना कुणी रडताना पाहिलं नसेल, भांडताना मात्र सगळ्या पोळनं पाहिलंय. सासरे जुन्या राजवटीच्या पायदळात होते. "आमच्या घरात पाठ दाखवायची रीत नाही," हे त्या दूधवाल्यालाही सुनवायच्या.

२००४ सालच्या मार्गशीर्षात सावली गावच्या रस्त्यावर त्यांची एकुलती एक लेक सुनेत्रा आणि जावई स्कूटरच्या अपघातात एकदमच गेले. सहा वर्षांची मोहना मागे राहिली. तिचं कुणी आहे-नाही हे सावलीत कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पोलिसांनी तिला बडोद्याच्या बालगृहात आणून ठेवलं. मथुराबाईंना खबर लागेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. धावत गेल्या, तर उत्तर मिळालं, "आधी घरतपासणी, मग बालकल्याण समिती, मग पोरगी."

तपासणीला एक नवी मुलगी आली. घर बघितलं, देवघर बघितलं, चहा घेतला, शेजारीपाजारी विचारपूस केली. महिन्याभरानं समितीच्या कचेरीतल्या जागृतीबेननी फाइल उघडली आणि चष्म्यावरून बघत, गुजरातीत आईला म्हणतात तसं 'बा' लावून म्हणाल्या,

"मथुराबा, अर्ज नामंजूर होणार असं दिसतंय. यात लिहिलंय, तुम्ही स्वतःची मुलगी शेजारणीला विकली होती. कोंड्याच्या बदल्यात."

मथुराबाईंना आधी हसूच फुटलं. मग ते ओठांवरच वाळलं.

झालं होतं ते असं. सुनेत्राच्या आधीची दोन्ही लेकरं बारसं होण्याआधीच गेली. म्हणून सुनेत्रा सव्वा महिन्याची झाल्यावर, जुन्या बायका करतात तसं, तिला देवीच्या पायरीवर ठेवलं. शेजारच्या रखमाबाईंनी सूपभर कोंडा देऊन ती विकत घेतली, आणि "माझी पोर आहे, नीट सांभाळ हो," म्हणून तिथल्या तिथे आईच्या मांडीवर परत ठेवली. पोर परक्याची झाली की काळ तिकडे फिरकत नाही, एवढाच भाव. रखमाबाई जन्मभर याची फुशारकी मारायच्या. त्या तपासणीच्या मुलीलाही त्यांनी कौतुकानं सांगितलं, "अगं, सुनेत्रा माझीच! सूपभर कोंड्याला विकत घेतलेली!" आणि मुलीनं ते जसंच्या तसं उतरवलं.

जागृतीबेन वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "एक करा. लिहून द्या की चूक झाली, पुन्हा असं होणार नाही. साहेब सांभाळून घेतील. शुक्रवारी पोरीला घेऊन जा."

"नाही."

"बा, हट्ट कशाला? कोण वाचतंय?"

"मोहना वाचेल. मोठी होईल, कधीतरी ही फाइल मागेल. आजीनं आईला विकलं आणि वर कबूल म्हणून सहीही केली, हे वाचायचं तिनं?"

घरी येऊन त्यांनी देवीपुढे दिवा लावला. सही केली असती तर शुक्रवारी पोर पाटावर बसून जेवली असती. "आई, चुकतंय का माझं?" असं त्यांनी देवीला विचारलं. मग माळ्यावरची जुन्या कागदांची ट्रंक खाली काढली.

बैठकीच्या दिवशी संकष्टी होती. उपाशी पोटीच निघाल्या. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात सूप, मागून रखमाबाई.

"मथुरे, माझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं गं."

"आज नको. आज ते तोंड मला हवंय."

आत जाऊन त्यांनी सूप थेट टेबलावर ठेवलं. त्यात एकेक कागद मांडला. जुनं रेशनकार्ड, सुनेत्राचा शाळेचा दाखला, लग्नपत्रिका.

"साहेब, विकलेली पोर लग्न होईतो आईच्याच रेशनकार्डावर कशी? मुलीची आई म्हणून पत्रिकेत माझं नाव कसं?"

साहेबांनी रखमाबाईंना विचारलं, "तुम्ही मुलगी विकत घेतली होती?"

"घेतली की! पक्का सौदा. पण एक रात्र सांभाळली असेल तर शपथ."

समितीतल्या एक वयस्कर गुजराती बाई हसायलाच लागल्या. "अमारे त्यां पण करे छे, साहेब. माझ्या भावालाही असंच विकलं होतं."

साहेबांनी घसा खाकरला. "बरं, फाइलच्या शेवटी एक खुलासा जोडू."

"शेवटी नाही. खोटं जिथे लिहिलंय तिथे."

"बा, रेकॉर्ड खोडता येत नाही."

"खोडू नकाच. राहू दे ते. त्याच पानावर, त्याच ओळीशेजारी खरं काय ते लिहा. आणि जिनं पहिलं लिहिलं तिनंच लिहून खाली सही करावी."

साहेबांनी जागृतीबेनकडे बघितलं, जागृतीबेननी खिडकीकडे. शेवटी त्या तपासणीच्या मुलीला बोलावलं. कानापर्यंत लाल होऊन तिनं लिहिलं. मथुराबाईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं, मगच मान हलवली.

अर्ज मंजूर झाला. बालगृहातून मोहनाला तिथेच आणलं, तेव्हा तिनं आजीच्या पदराची घडी मुठीत धरली ती सोडलीच नाही. मथुराबाईंनी डाव्या हातानं पोरीला पोटाशी धरलं आणि उजव्या हातानं ताब्याच्या कागदावर सही केली.

रखमाबाई सूप उचलत पुटपुटल्या, "सूप आहेच हाताशी, थोडा कोंडा असता तर हिलाही..."

"गप्प बसा, रखमाबाई!" मथुराबाईंनी त्या तपासणीच्या मुलीकडे नजर टाकली. "ती लिहून घेईल."