डावखुऱ्या बाईची टोपली

बी.ए.चा निकाल लागला आणि महिन्याभरात मला नोकरी मिळाली. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या आवारात, मागच्या बाजूला, दोन खोल्या होत्या. तिथं एक लहानशी संस्था चालायची. बुरुडांनी विणलेल्या टोपल्या, दुरड्या, सुपं घ्यायची आणि जिथं गिऱ्हाईक मिळेल तिथं नेऊन विकायची, एवढंच तिचं काम. एक निवृत्त मुख्याध्यापिका ती चालवायच्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. मला इंग्रजीत पत्र लिहिता येतं आणि टाइप करता येतं, म्हणून बाईंनी मला घेतलं. दोन्ही मला जेमतेमच येत होतं, पण हे त्यांच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

मोठा दुष्काळ संपून फार काळ झाला नव्हता. दुष्काळात बुरूड गल्लीतली निम्मी घरं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती. ती परत आली तोवर बाजारात प्लास्टिकच्या लाल-हिरव्या टोपल्या आल्या होत्या. धुतल्या की स्वच्छ आणि वजनाला हलक्या. संस्था निघाली ती त्यामुळंच.

आमच्यासाठी विणणाऱ्या दहा-बारा घरांत सगळ्यात वडीलधारी होती अव्वा. कानडीत अव्वा म्हणजे आई. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं तिचं अर्धं बोलणं कानडीत असायचं. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. बांबू फोडायला बसली की ती डबी चोळीत सरकवायची, कामटी उडून लागू नये म्हणून. बांबू घेताना बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायची. एखादा नुसताच बाजूला ठेवायची. का, असं विचारलं तर म्हणायची, “ह्यो रुसलाय. चार दिस पडू दे.” मला ती ‘मगळे’ म्हणायची, म्हणजे लेकी. पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि शेवटपर्यंत माझं खरं नाव तिनं विचारलं नाही.

तिची सून माझ्याच वयाची. सासूला ती आत्ती म्हणायची. माहेर कुंभारीचं. चौथीपर्यंत शिकलेली, हात चपळ आणि नवं काही दिसलं की तिला ते करून बघायचंच असायचं.

आमच्याकडच्या काही वस्तू विलायतेतली एक संस्था मागवायची. तीही आमच्यासारखीच, गरीब कारागिरांच्या वस्तू विकणारी. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी विणलेल्या टोपल्या त्यांच्याकडं फार खपायच्या. एका पावसाळ्यात त्यांचं पत्र आलं आणि मागोमाग एक पार्सल. पार्सलात तिकडची एक टोपली होती. गोल, पोटाला फुगीर, गवताला पीळ देऊन विणलेली, मधून जांभळ्या आणि तांबड्या रेघा, वर चामड्यानं गुंडाळलेली मूठ. पत्रात लिहिलं होतं की तिकडं पाऊस नाही, गवत उगवलेलं नाही, बायकांना टोपल्या देता येत नाहीत आणि गिऱ्हाइकं तर थांबली आहेत. तुमच्या विणकरांना हुबेहूब अशी करता आली तर मोठी मागणी देऊ.

मी ते पत्र तीनदा वाचलं. एवढी मोठी मागणी आम्हाला कधीच आली नव्हती. टोपली पिशवीत घालून मी तडक बुरूड गल्ली गाठली.

अव्वा दारातच दुरडीचा काठ बांधत बसली होती. मी टोपली पुढं ठेवली. चामड्याची मूठ बघून तिनं हाताला पदर गुंडाळला आणि मगच टोपली उचलली. पण थोड्याच वेळात पदर कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. टोपली उलटी केली, वास घेतला, बुडापासून काठापर्यंत बोट फिरवत नेलं.

“डावरी हाय ही,” ती म्हणाली.

“कोण?”

“करनारी. नोड, बग.” माझं बोट धरून तिनं विणीवर ठेवलं. “माजी वीण हिकडून तिकडं जाती. हिची तिकडून हिकडं. बाई हाय आन डावरी हाय.”

मग तिचं बोट एका जागी थांबलं. “हितं काम सुटलं हुतं. गवत वाळलं, मग पुन्ना भिजवून घेतलंय. ह्या वळीपातूर पीळ घट्ट हाय, फुडं सैल. घरात कायतरी झालं असनार.”

मी मोठ्या उत्साहानं पत्र वाचून दाखवलं, म्हणजे त्याचा मराठीत अर्थ सांगितला. दुष्काळाचा शब्द आला तशी अव्वा थांबली.

“तितंबी दुष्काळ?”

“हो ना. म्हणून तर आपल्याकडं मागतायत.”

तिनं टोपली हळूच माझ्या मांडीवर ठेवली. “बेड,” म्हणाली. कानडीत बेड म्हणजे नको.

“अव्वा, वर्षभराचं काम आहे. सगळ्या गल्लीला पुरेल.”

“आमी खडी फोडाय गेलतो की. परत आलो तर बाजारात माजं एक गिऱ्हाईक ऱ्हायलं नव्हतं. ज्या बाया इस वर्सं माज्याकडनं सूप घ्यायच्या, त्या माज्या समोरनं पलास्टिक घिऊन गेल्या. वळख सुदिक दिली न्हाय.” तिनं पुन्हा दुरडी हातात घेतली. “ही बाई कुटं पानी शोदत फिरत असंल. परत आल्यावर तिनं काय करावं?”

मला राग आला. आफ्रिकेतल्या, कधी न दिसणाऱ्या बाईसाठी ही समोर आलेलं काम घालवते आहे, असंच मला वाटलं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तिची इच्छा नसेल तर आपण जबरदस्ती करायची नाही.” पण पत्राला उत्तर काय द्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी ते तसंच लांबवलं.

मग मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. पंचमीला अव्वाची सून माहेरी निघाली होती. एस.टी. स्टँडवर तिला गाठून मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती टोपली तिच्या हातात दिली. “जमतंय का बघ,” म्हटलं. “अव्वाला आत्ताच सांगू नको.” तिचे डोळे लकाकले. सासूला चोरून काही करायची तिची पहिलीच वेळ असावी. माझी तर नक्कीच होती.

कुंभारीला तिनं घायपाताचे दोर मिळवले, चादरी विणणाऱ्या कुणा शेजाऱ्याकडून रंग मागून आणला आणि पाच-सहा दिवसांत टोपली करून थेट ऑफिसात आली. ती तयार टोपली बघून मी टाळीच वाजवली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटाव्यात. तेवढ्यात दारात सावली पडली. डोक्यावर दुरड्यांचा भारा घेऊन अव्वा उभी होती. दुरड्या द्यायचा तिचा तोच वार होता आणि आम्हा दोघींच्याही ते ध्यानात राहिलं नव्हतं.

तिनं भारा उतरवला. सुनेची टोपली उचलली. तशीच उलटी केली, तसंच बोट फिरवलं. सून भिंतीला टेकून रडायला लागली.

“अव्वा, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मीच तिला दिली.”

“ठावं हाय. तिला इंग्रजी कागूद कोन वाचून दावनार?” तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुनेला म्हणाली, “हात चांगला बसलाय गं तुजा. रडतीस कशापायी?”

सून आणखीच रडायला लागली.

“वंगाळ झाली असती तर मीच म्हनले असते पाठवा म्हनून,” अव्वा आता माझ्याशी बोलत होती. “एकदा बगून त्येंनी पुन्ना मागितली नसती. पर ही चांगली झालीया. ही गेली की त्या डावरीला कोन इचारतंय?”

बाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन त्या माझ्या टाइपरायटरपाशी बसल्या आणि म्हणाल्या, “अव्वा, तुम्ही सांगा. ही लिहील.”

माझ्या आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात अवघड पत्र ते. अव्वा सांगत होती, मी इंग्रजी शब्द शोधत होते आणि बाई चुका काढत होत्या. पत्रात काय होतं ते मला आजही सांगता येतं. त्या बायकांच्या टोपल्या आम्ही करणार नाही. तिकडं पाऊस पडेल तोवर गिऱ्हाइकांना थांबायला सांगा. आमच्याकडून हवं असेल तर आमचं घ्या. आणि ही टोपली करणारी बाई डावखुरी आहे का, आणि तिचं काम मध्येच सुटलं होतं का, ते कळवा. शेवटचं वाक्य मला गाळायचं होतं. अव्वानं ते मला दोनदा वाचायला लावलं, म्हणून राहिलं.

पत्राबरोबर तिनं एक सूप दिलं. त्याच्या काठाला एका ठिकाणी चारेक बोटं बांधायचं राहिलं होतं. मी म्हटलं, “हे अर्धवट आहे.” ती म्हणाली, “मुद्दाम ठिवलंय. काठ कसा बांदायचा ते तिला उगडं दिसाय पायजे की. काठातच तिचं काम कच्चं हाय.” सूप विलायतेला जाईल, तिथून ते त्या बाईपर्यंत कोण पोचवणार, असं मी म्हणणार होते. पण एव्हाना अव्वासमोर बोलायची माझी हिंमत उरली नव्हती.

सुनेनं केलेल्या टोपलीचं काय करायचं, हा प्रश्न होता. अव्वानं ती तिच्यापुढं ठेवली. “रंग द्यायला शिकलीस. आता आपल्या दुरडीला देऊन बग.” त्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत आमचं दुकान लागलं, त्यात सुनेच्या बांबूच्या दुरड्या होत्या. पोटाला तांबडी, जांभळी कामटी घातलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकही उरली नाही. एका बाईनं विचारलं, “प्लास्टिकची आहे का?” सून म्हणाली, “हात लावून बगा की.” मग ती माझ्याकडं बघून हसली. पंचमीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघी सरळ एकमेकींकडं बघत होतो.

उत्तर यायला पुढचा पावसाळा संपत आला. विलायतेच्या संस्थेनं लिहिलं होतं की तुमचं पत्र वाचून आम्ही थोडे खजील झालो. गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आहे आणि बरीचशी थांबली आहेत. तुमची सुपं आणि मागाहून नमुन्याला पाठवलेल्या त्या रंगीत दुरड्या आम्हाला हव्यात. त्या पाकिटात आणखी एक कागद होता. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या गावच्या मास्तरांनी लिहिलेला, त्या बाईनं सांगितलेला.

मी कागद घेऊन धावतच गल्लीत गेले. सून बाहेर आली, शेजारणी जमल्या. मी वाचत होते. हो, मी डावखुरी आहे. लहानपणी आई माझ्या डाव्या हातावर मारायची. सोलापूरच्या बाईला हे कसं कळलं? काम मध्येच सुटलं होतं तेही खरं आहे. त्या दिवशी माझी लेक बाळंत झाली. सुपात आम्ही बाजरी पाखडली. काठ तुमच्यासारखा बांधून बघितला, अजून सुटलेला नाही. आता पाऊस झाला आहे आणि गवत गुडघ्यापर्यंत आलं आहे.

अव्वा मान खाली घालून ऐकत होती. “बाजरी,” एवढंच म्हणाली. तिकडंही बाजरीच खातात याचं तिला कोण अप्रूप वाटलं. मग आत जाऊन गुळाचे खडे घेऊन आली आणि एक माझ्या तळहातावर ठेवला. एक सुनेच्या, एकेक शेजारणींच्या.

मी निघाले तेव्हा तिनं हाक मारली. “मगळे, लेकीला काय झालं? मुलगा का मुलगी?”

कागदावर ते नव्हतं.

“मग इचार की.”

एवढंच विचारायला मी पुन्हा पत्र लिहिलं. बाईंनी हसत हसत त्यावर सही केली. चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं: मुलगी. तिकडून आलेल्या पत्रात एक प्रश्नही होता. सोलापूरच्या बाईला सून आहे का, आणि ती कामाला कशी आहे? मी ते वाचलं तेव्हा सून शेजारीच दुरडी रंगवत होती. अव्वानं तिच्याकडं तिरकं बघितलं आणि मला म्हणाली, “लिव, बरी हाय. लई न्हाय.” मग जरा थांबून, सून पाणी आणायला आत गेल्यावर, हळू आवाजात म्हणाली, “चांगली हाय म्हनून लिव.”

अशी पत्रं तीनेक वर्षं चालली. पुढं तिकडच्या मास्तरांची बदली झाली आणि ती थांबली. माझंही लग्न ठरलं, मी बार्शीला गेले. बाई थकल्या, संस्था बंद झाली. बुरूड गल्लीतली बरीच पोरं दुसऱ्या कामाला लागली. अव्वाची सून मात्र दर संक्रांतीला गड्ड्यात स्वतःचं दुकान लावत राहिली.

अव्वा गेल्याचं मला महिन्यानं कळलं. भेटायला गेले तेव्हा सुनेनं मला बसायला पाट दिला, भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. अव्वा शेवटचे काही दिवस अंथरुणाला खिळली होती, पण बांबूवाला आला की बांबू आत आणायला लावायची आणि पडल्या पडल्या ठोकून बघायची, असं ती सांगत होती. आम्ही दोघी त्यावर हसलो. निघताना मी तिला विचारलं, “तुझी ती घायपाताची टोपली कुठं गेली गं?”

“आत्तींनीच मोडली,” ती म्हणाली. “सगळे दोर उकलून मला परत दिले. म्हनल्या, दोर चांगला हाय, वाया जाऊ दिऊ नको.”