दक्षिणेचं दार

"दार फिरवा. पूर्वेला करा," फोन ठेवता ठेवता भास्करराव म्हणाले. "साहेबांना दक्षिणेचं दार चालत नाही."

भास्करराव आमचे डायरेक्टर. घर शहरातल्या कोठी भागात, शेजार सगळा मराठी, त्यामुळे तेलुगू असूनही माझ्याशी मराठीतच बोलायचे. मी म्युझियमच्या मॉडेल सेक्शनची इनचार्ज. जुन्या इमारतींच्या लहान प्रतिकृती करणं हे आमचं काम. राज्याची दोन राज्यांत विभागणी चालू होती. खुर्च्यांपासून माणसांपर्यंत सगळ्याची वाटणी होत होती, आणि आमचा सेक्शन कुणालाच नको होता. तो ठेवायचा की बंद करायचा, हे खात्याचे सचिव, म्हणजे साहेब, आमच्या नव्या मॉडेलच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करून मग ठरवणार होते. बंद झाला असता तर मी कुठल्यातरी ऑफिसात फायली लावत बसले असते. मला ते अजिबात मंजूर नव्हतं.

मॉडेल होतं बीजिंगच्या स्वर्गमंदिराचं. चीनचे बादशहा इथे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करत. मंदिर गोल, एकावर एक तीन छपरं, कौलं आभाळासारखी निळी. मधले चार खांब ऋतूंचे, भोवतीचे बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसाच्या बारा भागांचे. छपराचं वजन पेलायला लाकडी ब्रॅकेट, खिळ्याशिवाय, खाचेत खाच अडकवून रचलेले. वीज पडून मंदिर एकदा जळालं, तेव्हा पुन्हा तसंच उभं केलं. आम्हीही मॉडेलमध्ये एकही खिळा मारला नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता.

"गोलच तर आहे ताई, फिरवलं तर कुणाला कळतंय?"

"मंदिर गोल आहे सर, आवार नाही. उत्तरेची भिंत गोलाकार, ते आकाश. दक्षिणेची चौकोनी, ती पृथ्वी. बादशहा दक्षिणेकडून आत येतो. फिरवलं तर बिचारा मावळतीला नमस्कार करेल."

"मला पटलं हो. पण त्यांनी स्वतःच्या घराचं गेट वास्तू बघून हलवलंय. त्यांना कोण समजावणार?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. दक्षिणेचं दार चिणून टाकलेली घरं आमच्या अंबरपेठेत मी पाहिलेली आहेत. दार दक्षिणेला असलं की भाडेकरूच मिळत नाही.

"मी समजावते," मी म्हणाले. मॉडेल खऱ्या दिशांनुसार मांडलं होतं, ते हलवलं नाही. फक्त उद्घाटनाची रिबन बरोबर त्या दक्षिणेच्या दारासमोर बांधली.

साहेब आले. बाजूची दिशांची पाटी वाचली आणि भडकले. "ये तो दक्खिन का दरवाजा है! भास्करराव, मैं बोला था नई?"

भास्करराव माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झाले.

"सर, दरवाजा दक्खिन में है. आप का मुँह किधर है?"

त्यांनी मोबाइल काढून दिशा पाहिली. "उत्तर."

"अंदर जानेवाले का मुँह उत्तर कू. वास्तू घर के वास्ते, यहाँ कोई रहता नई, सर."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. राजवाड्यात बादशहा दक्षिणेकडे तोंड करून बसायचा आणि दरबार त्याच्यापुढे वाकायचा. इथे मंदिरात उत्तरेला, मूर्तीच्या जागी, आकाशाच्या नावाची पाटी, तिचं तोंड दक्षिणेला. तिच्यापुढे बादशहा उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचा आणि स्वतः वाकायचा.

"वो भी झुकता था?"

"फसल के वास्ते, सर."

 साहेबांनी बूट काढले, हात जोडले आणि रिबन कापली. माझा जीव भांड्यात पडला. भास्कररावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की फोटोग्राफरने वळून पाहिलं.

सेक्शन राहिला. वाटणीत आम्हाला नवी खोलीही मिळाली, मोठी आणि हवेशीर. दार दक्षिणेला म्हणून ती कुणी घेत नव्हतं. मी उत्तरेकडे तोंड करून टेबल मांडलं आणि कामाला लागले.

नोकरीत मी एवढंच शिकले. साहेबांशी वाद घालू नये. त्यांना नीट जागी उभं करावं, आणि मग विचारावं, तोंड कुणीकडे आहे.